विश्रांत मेंदूचा नकाशा

ऑक्टोबर १९९५ मध्ये ‘मॅग्नेटिक रेझोनन्स इन मेडिसिन’ या नियतकालिकात पाच पानांचा एक लेख प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील मिलवॉकी येथील मेडिकल कॉलेज ऑफ विस्कॉन्सिनमध्ये पीएच.डी. करणारे भारतीय वंशाचे संशोधक भरत बिस्वाल हे त्याचे पहिले लेखक. झेरिन येत्किन, व्हिक्टर हॉटन आणि जेम्स हाइड हे सहलेखक. एमआरआय यंत्रात निजलेल्या माणसाला कोणतेही काम न सांगता त्याच्या मेंदूच्या ५१२ प्रतिमा घेतल्या होत्या, दर २५० मिलिसेकंदांना एक. एकूण वेळ भरतो १२८ सेकंद.

त्याआधी हाताची हालचाल करायला सांगून, मेंदूतील कोणता भाग हाताचे चलनवलन सांभाळतो हे नेहमीच्या पद्धतीने निश्चित केले होते. मग विश्रांतीच्या नोंदींमध्ये त्याच भागातील संकेत तपासला गेला. तो स्थिर नव्हता. मंदपणे वरखाली होत होता. एका आंदोलनाला दहा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागावा इतका मंद, म्हणजे ०.१ हर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेचा. मेंदूत इतरत्र कोणते बिंदू याच तालात वरखाली होतात याचा शोध घेतल्यावर उत्तर मिळाले ते असे: दुसऱ्या गोलार्धातील हाताचाच भाग, आणि हालचालींशी संबंधित आणखी काही भाग. दोन्ही हात निश्चल होते, तरी त्यांचा ताबा असलेले मेंदूचे दोन दूरचे प्रदेश एकमेकांशी ताल धरून होते.

आज रायपूर-नागपूरसारख्या शहरांतील रुग्णालयांत दीड टेस्ला क्षमतेची एमआरआय यंत्रे सर्रास दिसतात. मिलवॉकीतील यंत्र त्याच क्षमतेचे होते. शोध लागला तो यंत्राच्या ताकदीमुळे नव्हे. सर्वजण जो भाग वजा करून टाकत होते, तो वजा करण्याआधी कोणीतरी नीट पाहिला, म्हणून लागला.

हे ‘वजा करणे’ समजून घेतले पाहिजे, कारण साऱ्या इतिहासाची कळ तेथे आहे. मेंदूच्या प्रतिमांकनाची तोपर्यंतची रीत सरळ होती. माणसाला वीस-तीस सेकंद बोटे हलवायला सांगायचे, मग तितकाच वेळ स्वस्थ राहायला सांगायचे, असे आळीपाळीने काही वेळा करून पहिल्यातून दुसरे वजा करायचे. जे उरेल ते ‘बोटे हलवण्याचे केंद्र’. या हिशेबात विश्रांती म्हणजे शून्य, तराजूचे रिकामे पारडे. त्या काळात संकेताचे जे चढउतार दिसत, त्यांना नाव होते ‘नॉइज’, म्हणजे गोंगाट. तो कमी कसा करावा हा संशोधनाचा विषय होता. त्यात काय दडले आहे हा नव्हता.

विश्रांतीत मेंदू रिकामा नसतो हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते, असे म्हणता येणार नाही. १८८० च्या सुमारास तुरिनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँजेलो मोस्सो यांनी बर्तिनो नावाच्या शेतकऱ्यावर काही निरीक्षणे केली. अपघातामुळे त्याच्या कवटीचा एक तुकडा नाहीसा झाला होता आणि मेंदूची स्पंदने तेथून थेट मोजता येत होती. दुपारी चर्चची घंटा वाजली. बर्तिनो जागचा हलला नाही, पण मेंदूतील रक्ताची स्पंदने वाढली. घंटा ऐकून प्रार्थनेची आठवण झाली का, असे मोस्सोंनी विचारले, तेव्हा त्याने होकार दिला. एका विचाराची रक्तप्रवाहात पडलेली ही बहुधा पहिली लिखित नोंद.

जर्मनीत येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूच्या विद्युतलहरी प्रथम टिपल्या आणि १९२९ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूतही लयबद्ध लहरी उठतात, हे त्यांना पहिल्यापासून दिसत होते. योगायोग असा की त्याच १९२४ साली लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधामची स्थापना केली. क्ष-किरण आणि दाबमापक यांसारख्या साधनांनी आसने व क्रिया करताना शरीरात काय घडते ते मोजायचे आणि ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकातून ते मांडायचे, असा तो उपक्रम होता. मेंदूचे नकाशे काढणे हा त्याचा हेतू नव्हता, आणि त्याला आजच्या शोधाचा पूर्वज ठरवण्याची ओढाताण करू नये. निश्चल बसलेल्या देहात मोजण्याजोगे काही घडत असते, हा विश्वास मात्र दोन्हीकडे एकाच सुमारास दिसतो.

अधिक काटेकोर पुरावा १९५५ मध्ये आला. सीमोर केटी यांनी विकसित केलेल्या पद्धतीने संपूर्ण मेंदूचा रक्तप्रवाह आणि प्राणवायूचा खप मोजता येऊ लागला होता. लुई सोकोलॉफ आणि सहकाऱ्यांनी लोकांना मनातल्या मनात गणिते करायला लावली व मेंदूचा प्राणवायूचा खप किती वाढतो ते पाहिले. तो वाढलाच नाही. गणित करणारा मेंदू आणि स्वस्थ पडलेला मेंदू यांचा एकूण खर्च जवळपास सारखा निघाला. शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा खर्च करतो. एखादे काम अंगावर पडले की त्या त्या भागात होणारी वाढ पाच टक्क्यांहूनही कमी असते. हिशेबाच्या वहीत ९५ टक्के खर्च ‘इतर’ या सदरात दिसत असताना पुढची चाळीस वर्षे बहुतेकांनी उरलेल्या पाच टक्क्यांचाच ताळेबंद मांडला. यात कोणाचा आळस नव्हता. त्या ‘इतर’ खर्चाला ठिकाण आणि आकार देईल असे साधन हाती नव्हते.

ते साधन भौतिकशास्त्रातून आले. १९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी दाखवले होते की प्राणवायू धारण केलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन यांचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असतात. प्राणवायूविना राहिलेल्या हिमोग्लोबिनच्या लोह-अणूंत अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात, म्हणून ते समचुंबकीय असते आणि आसपासच्या चुंबकीय क्षेत्रात किंचित गडबड करते. प्राणवायू जोडला गेला की ती गडबड नाहीशी होते. हे ज्ञान अर्धशतकाहून अधिक काळ पाठ्यपुस्तकात पडून राहिले. १९९० मध्ये बेल प्रयोगशाळेत सेइजी ओगावा आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूंवर प्रयोग करून सिद्ध केले की ही गडबड एमआरआय प्रतिमेत दिसते, म्हणजे रक्त स्वतःच रंगद्रव्याचे काम करते. बाहेरून काही टोचावे लागत नाही. १९९२ मध्ये बॉस्टन, मिनेसोटा आणि मिलवॉकी या तीन ठिकाणच्या गटांनी माणसाच्या मेंदूत हाच परिणाम दाखवला आणि फंक्शनल एमआरआय जन्माला आले.

येथे एक गोष्ट सहज समजुतीच्या उलट आहे. मेंदूचा एखादा भाग काम करू लागला की तेथे प्राणवायू कमी पडेल असे वाटते. प्रत्यक्षात शरीर गरजेपेक्षा जास्त ताजे रक्त तिकडे धाडते. त्यामुळे प्राणवायूविहीन हिमोग्लोबिनचे प्रमाण घटते, गडबड कमी होते आणि संकेत थोडासा उजळतो. हा फरक टक्क्या-दोन टक्क्यांचा असतो. शिवाय तो काही सेकंद उशिरा येतो, कारण रक्तवाहिन्यांची चाल चेतापेशींच्या तुलनेत फार संथ असते. म्हणून फंक्शनल एमआरआयने विचार ‘दिसतात’ असे जेव्हा वाचनात येते, तेव्हा दिसते ते विचारांमागून चार-सहा सेकंदांनी पोहोचलेले रक्त असते, याचे भान ठेवावे.

आता पुन्हा मिलवॉकीकडे. बिस्वाल यांच्यापुढील पहिला आक्षेप उघड होता: हृदयाचे ठोके आणि श्वास. दोन्हींमुळे मेंदूतील संकेत हलतो, आणि दोन्ही साऱ्या मेंदूत एकाच वेळी पोहोचतात. मग दोन भाग तालात दिसले यात नवल काय? २५० मिलिसेकंदांचे महत्त्व येथे आहे. विद्यार्थ्यांनी हे थोडे थांबून पाहावे. हृदयाचे ठोके साधारण १ हर्ट्झला पडतात. एखादे आंदोलन ओळखायचे तर त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घ्यावे लागतात. सेकंदाला चार नमुने घेतले तर २ हर्ट्झपर्यंतची आंदोलने आपापल्या जागी दिसतात. ठोके वेगळे, श्वास वेगळा आणि ती मंद लहर वेगळी. पण संपूर्ण मेंदू टिपण्यासाठी त्या काळी दोन-दोन सेकंद लागत. दोन सेकंदांना एक नमुना घेतला तर ०.२५ हर्ट्झच्या वरचे सारे घडी पडून खालच्या वारंवारतेत मिसळते. चित्रपटात वेगाने धावणाऱ्या गाडीचे चाक उलटे, संथ फिरताना दिसते, तशीच ही फसगत. हृदयाचा ठोकाच मंद लहरीचे सोंग घेऊन समोर येऊ शकतो. मिलवॉकीच्या गटाने मेंदूचा थोडाच भाग टिपला पण वेगाने टिपला, म्हणून हे सोंग त्यांच्या नोंदींत शिरू शकले नाही.

दुसरा आक्षेप अधिक चिवट होता. ठोका नसेल, श्वास नसेल, पण रक्तवाहिन्या स्वतःच मंदपणे आकुंचन-प्रसरण पावतात, आणि त्याचा वेगही याच टापूत येतो. ही लहर मेंदूच्या कार्याची आहे की नुसत्या नळांची? १९९५ च्या लेखात लेखकांनी स्वतःच म्हटले होते की या चढउतारांचे मूळ रक्तातील प्राणवायूच्या किंवा रक्तप्रवाहाच्या बदलांत असू शकते. त्यांनी अतिशयोक्ती केली नाही. मेंदूतील कार्यात्मक जोडणीचा हा आविष्कार आहे एवढाच निष्कर्ष मांडला. पुढील काही वर्षे या विषयावर मोजकेच लेख निघाले.

नळांच्या आक्षेपाला उत्तर हळूहळू मिळत गेले, आणि एका निर्णायक प्रयोगाने नव्हे तर अनेक बाजूंनी. १९९८ ते २००१ या काळात मार्क लो, डिटमार कॉर्डेस आदींनी दृष्टीचे, श्रवणाचे, भाषेचे भाग तपासले. प्रत्येक वेळी ताल जुळला तो एकाच कामात गुंतलेल्या भागांचा, मग ते एकमेकांपासून कितीही दूर असोत. रक्तवाहिन्यांचे जाळे कार्याच्या सीमा अशा काटेकोरपणे का पाळेल? २००८ मध्ये माकडांच्या मेंदूत चेतापेशींचे विद्युतसंकेत आणि हीच मंद लहर एकत्र मोजली गेली आणि त्यांचा संबंध दिसला. त्याच वर्षी एका सहा वर्षांच्या मुलाचा अनुभव प्रसिद्ध झाला. दुर्धर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा पूल, कॉर्पस कॅलोझम, पूर्णपणे छेदला होता. शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही गोलार्ध तालात होते. नंतर तो ताल बराचसा मोडला, पण प्रत्येक गोलार्धाच्या आतला ताल शाबूत राहिला. हृदय तेच, श्वास तोच. तुटल्या होत्या त्या चेतातंतूंच्या तारा.

येथे प्रकरण मिटले असे वाटते, पण २०११ मध्ये उलट टोकाचा दाखला आला. ज्यांच्या मेंदूत हा पूल जन्मतःच तयार झालेला नाही अशा प्रौढांच्या दोन गोलार्धांमधला ताल जवळपास सामान्य आढळला. पूल नाही, तरी दोन किनारे एका तालात! जन्मापासून पूल नसेल तर मेंदू आडवाटांनी जोडणी उभी करतो असा याचा एक अर्थ निघतो. त्याहून महत्त्वाचे असे की विश्रांतीतला सहसंबंध म्हणजे तारांचा आराखडा नव्हे. दोन भाग थेट जोडलेले नसतानाही एकत्र डोलू शकतात. हा भेद विसरून लिहिलेले लेख आजही आढळतात.

दरम्यान दुसऱ्या बाजूने आणखी एक कोडे पुढे आले होते. सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात गॉर्डन शुलमन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नऊ वेगवेगळ्या अभ्यासांतील माहिती एकत्र केली. काम कोणतेही असो, काही ठरावीक भाग कामाच्या वेळी मंदावतात आणि विश्रांतीत पुन्हा जोर धरतात, असे त्यांना दिसले. मार्कस रेचल यांनी २००१ मध्ये याला मेंदूची ‘डिफॉल्ट’ अवस्था म्हटले. आणि २००३ मध्ये स्टॅनफर्ड येथे मायकेल ग्रायशस, विनोद मेनन आदींनी बिस्वाल यांची पद्धत रेचल यांच्या कोड्याला लावली. कामाच्या वेळी मंदावणारे ते भाग विश्रांतीत एकमेकांशी तालात होते. दोन स्वतंत्र वाटा एका चौकात येऊन मिळाल्या. यानंतर शंकेखोरांची संख्या झपाट्याने घटली आणि लेखांची वाढली. इतकी की पुढे त्या वाढीचीच चिंता करावी लागली.

सहसंबंधातून नकाशा तयार होतो तरी कसा? मेंदूच्या पृष्ठभागावरील एक बिंदू घ्यावा आणि बाकी सर्व बिंदूंशी त्याचा ताल किती जुळतो ते मोजावे. हे झाले त्या बिंदूचे ‘ओळखपत्र’. शेजारच्या बिंदूचे ओळखपत्र बहुधा तसेच असते. पुढे सरकत जावे, आणि जेथे ओळखपत्र एकाएकी बदलते तेथे सीमा आखावी. नागपूरहून रायपूरला रेल्वेने जाताना भंडारा, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव अशी स्थानके लागतात आणि फलाटावरची बोली बदलत जाते; कोठे हळूहळू, कोठे पटकन. कानावर पडणाऱ्या बोलीवरून सीमा आखावी तसे हे काम आहे. मेंदूचे एक वैशिष्ट्यही या उपमेत बसते. रायपूरच्या जुन्या वस्त्यांत भोसल्यांच्या काळापासून मराठी घरे आहेत. भूगोलाने ती दूर, भाषेने नागपूरच्या जवळ. मेंदूतही एकाच जाळ्याचे तुकडे असे विखुरलेले असतात, कपाळामागे एक, कानाच्या मागे-वर एक, मध्यभागी खोल एक.

कोर्बिनियन ब्रॉडमान यांनी १९०९ मध्ये मृत मेंदूंचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, पेशींच्या रचनेवरून मेंदूचे क्रमांकित भाग पाडले होते. ते क्रमांक वैद्यकाचे विद्यार्थी आजही पाठ करतात. शंभर वर्षांनी जिवंत मेंदूंवरून तशीच आखणी शक्य झाली. बिस्वाल आणि अनेक देशांतील सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ३५ केंद्रांतील १४१४ व्यक्तींच्या विश्रांतीतल्या नोंदी एकत्र आणून सर्वांसाठी खुल्या केल्या. यंत्रे वेगळी, देश वेगळे, तरी मुख्य आकृतिबंध सारखा निघाला. कामावर आधारित प्रयोगांत हे जवळजवळ अशक्य होते, कारण प्रत्येक प्रयोगशाळेचे काम वेगळे असते. स्वस्थ पडून राहणे मात्र सर्वत्र सारखेच. २०११ मध्ये थॉमस यो आणि सहकाऱ्यांनी बॉस्टन परिसरातील १००० तरुणांच्या नोंदींवरून बाह्यकाची ७ आणि अधिक बारकाईने १७ जाळ्यांत विभागणी केली. २०१६ मध्ये मॅथ्यू ग्लासर आणि डेव्हिड व्हॅन एसेन यांच्या गटाने विश्रांतीतल्या सहसंबंधाला बाह्यकाची जाडी, मायलिनचे प्रमाण आणि कामाच्या वेळच्या प्रतिमा यांची जोड देऊन प्रत्येक गोलार्धात १८० प्रदेश आखले. त्यांपैकी ९७ पूर्वी कोणी वेगळे म्हणून नोंदवलेले नव्हते.

यशाच्या ऐन भरात एक धक्का बसला. तो बसला हे बरे झाले. २०१२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातीलच जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की यंत्रात निजलेल्या माणसाचे डोके मिलिमीटरच्या अंशाइतके जरी हलले, तरी सहसंबंधांत बनावट पण पद्धतशीर बदल होतात. जवळच्या भागांमधला ताल वाढलेला दिसतो आणि दूरच्या भागांमधला घटलेला. आणखी दोन गटांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे हेच दाखवले. ही तांत्रिक बाब नव्हती. लहान मुले मोठ्यांपेक्षा जास्त हलतात. तोपर्यंत ठाम समजले गेलेले एक निरीक्षण असे होते की वय वाढते तसा मेंदूतील जवळच्या भागांमधला ताल घटतो आणि दूरच्या भागांमधला वाढतो. ते याच प्रयोगशाळेतून पुढे आले होते. हलणाऱ्या डोक्याची खूण आणि वाढत्या वयाची खूण एकसारखीच निघाली. मुलांच्या मेंदूविकासाचा म्हणून जो परिणाम छापला गेला होता, त्याचा बराच भाग मुलांच्या चुळबुळीचा होता. स्वमग्नतेत दूरच्या जोडण्या दुबळ्या असतात या दाव्यांवरही हीच शंका घ्यावी लागली. आपल्याच प्रयोगशाळेचा निष्कर्ष आपणच मोडीत काढायला जे धैर्य लागते, त्याची दखल पारितोषिकांच्या बातम्यांइतकी घेतली जात नाही.

१९९५ मध्ये सर्वांनी गोंगाट समजून टाकलेल्या गोष्टीत संकेत सापडला. २०१२ मध्ये संकेत म्हणून जपलेल्या गोष्टीत गोंगाट सापडला. असेच तिसरे प्रकरणही झाले. दोन जाळी एकमेकांच्या विरुद्ध तालात चालतात, एक चढले की दुसरे उतरते, असे २००५ मध्ये मायकेल फॉक्स आदींनी मांडले होते. पण नोंदींतून संपूर्ण मेंदूचा सरासरी संकेत वजा करण्याची जी पायरी त्यात होती, ती केल्यावर काही सहसंबंध ऋण निघणे हे गणितानेच भाग पडते, असे केविन मर्फी यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले. यावरचा वाद अजून पूर्ण शमलेला नाही. काय वजा करायचे हा निर्णय यंत्र घेत नाही, माणूस घेतो.

सरासरी हाही एक निर्णयच. हजार मेंदू एकावर एक ठेवून काढलेला नकाशा त्या हजारांतील कोणाचाच नसतो. शिवाय ते हजार कोण होते? मेंदूच्या प्रतिमा एकमेकांवर बसवण्यासाठी वापरला जाणारा प्रमाण साचा पाश्चात्त्य लोकांच्या प्रतिमांवरून बनलेला आहे. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेतील (आयआयआयटी) गटाने २०१९ मध्ये १०० भारतीय तरुणांच्या प्रतिमांवरून भारतीय साचा तयार केला, तेव्हा पाश्चात्त्य, तसेच चिनी व कोरियन साच्यांच्या तुलनेत भारतीय मेंदूची सरासरी रुंदी आणि आकारमान कमी आढळले. याचा बुद्धीशी काही संबंध नाही. हा मापे जुळवण्याचा प्रश्न आहे. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा चढवला तर शिवण भलतीकडे येते. शस्त्रक्रियेपूर्वी भाषेचा भाग नेमका कोठे आहे हे विश्रांतीतल्या प्रतिमांवरून शोधायचे असेल, तर शिवण मिलिमीटरमध्ये जुळावी लागते. आणि ही पद्धत सर्वाधिक उपयोगी पडते ती ज्यांना सूचना पाळून काम करता येत नाही अशांनाच: लहान मुले, गुंगीत असलेले रुग्ण, बोलण्याची शक्ती गमावलेले लोक.

एकेका व्यक्तीचा स्वतःचा नकाशा काढायचा तर १२८ सेकंद पुरत नाहीत. सेंट लुइसमधील निको डोसेनबाख, स्टीव्हन नेल्सन आदी तरुण संशोधकांनी यासाठी एक उपाय काढला. मध्यरात्रीनंतर यंत्राचे भाडे कमी असे. म्हणून ते रात्री बारा वाजता स्वतःच यंत्रात निजू लागले. ‘मिडनाइट स्कॅन क्लब’ हे नाव त्यावरूनच पडले. दहा व्यक्ती, प्रत्येकी दहा रात्री, आणि प्रत्येकाच्या विश्रांतीच्या पाच तासांच्या नोंदी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. सरासरीत पुसले जाणारे बारकावे त्यात होते. एखाद्या व्यक्तीत एखादा भाग शेजाऱ्यापासून तुटून भलत्याच ठिकाणी आढळे, आणि तो दर रात्री तेथेच आढळे.

याच गटाने २०२० मध्ये केलेला प्रयोग मिलवॉकीच्या पहिल्या निरीक्षणाला थेट जाऊन भिडतो. तीन निरोगी प्रौढांनी, त्यात स्वतः डोसेनबाख होते, आपल्या उजव्या हाताला दोन आठवडे प्लास्टर घालून घेतले आणि रोज विश्रांतीतल्या प्रतिमा काढल्या. दोन दिवसांतच डाव्या गोलार्धातील हाताच्या भागाचा उजव्या गोलार्धातील जोडीदाराशी असलेला ताल ढासळू लागला. जो सहसंबंध १९९५ मध्ये बिस्वाल यांना दिसला होता, तोच हा. प्लास्टर काढल्यावर तो लवकरच परत आला. मधल्या काळात न वापरलेल्या भागातून अधूनमधून मोठे, उत्स्फूर्त स्पंद उमटत होते. न वाजवलेले वाद्य आपोआप सुरात ठेवण्याची ती सोय असावी, असा तर्क आहे, अद्याप तर्कच.

आणि २०२३ मध्ये हालचालींच्या त्याच पट्ट्याने आणखी एक आश्चर्य समोर ठेवले. वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३० च्या दशकात शुद्धीत असलेल्या रुग्णांच्या मेंदूला विद्युतस्पर्श करून काढलेले चित्र प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते: वर पाय, मध्ये हात, खाली चेहरा, सलग पसरलेला एक विद्रूप बुटका. इव्हान गॉर्डन, डोसेनबाख आणि सहकाऱ्यांनी एप्रिल २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की ती सलगता खरी नाही. पाय, हात आणि तोंड यांच्या भागांमध्ये तीन तुकडे असे आहेत, जे कोणत्याही एका अवयवाचे नाहीत. विश्रांतीत ते शेजाऱ्यांशी ताल धरत नाहीत. आपापसांत धरतात, आणि कृतीचे नियोजन व शरीराच्या अंतर्गत स्थितीवर देखरेख यांत गुंतलेल्या दूरच्या जाळ्याशी धरतात. हे तुकडे आधी मोजक्या व्यक्तींच्या दीर्घ नोंदींत दिसले, मग हजारो व्यक्तींच्या मोठ्या संचांत पडताळले गेले, आणि माकडांतही त्यांच्यासारखे काही आढळले. मिलवॉकीच्या ५१२ प्रतिमांत जो पट्टा होता तो हाच. त्यात हे तीन तुकडे तेव्हाही होते. ते दिसायला एकाच माणसाचा एवढा दीर्घकाळ घेतलेला संकेत लागणार होता, आणि तो डोके न हलवता पाच-पाच तास निजून राहणारा माणूसही.